आधी नाम, मग विशेषण: सजावटीच्या प्रोजेक्टरवरचं सीमाशुल्क



मी भूदलाच्या ऑर्डनन्स कोअरमधून कर्नल म्हणून निवृत्त झालो. आता इंदूरला असतो. ऑर्डनन्स म्हटलं की लोकांना तोफा आठवतात. आमचं रोजचं काम मात्र कोठाराचं. सुईदोऱ्यापासून रणगाड्याच्या सुट्या भागांपर्यंत सैन्याला जे लागतं ते ठेवायचं, मोजायचं आणि मागितलं की हजर करायचं. निवृत्तीनंतर काही वर्षं एका व्यापारी कंपनीचं आयातीचं खातं पाहिलं. त्यामुळे अजूनही ओळखीतले छोटे व्यापारी कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. चहा होतो, आणि मग पिशवी उघडते.

गेली दोन-तीन वर्षं त्या पिशवीतून एकच वस्तू वारंवार निघते. छतावर तारे पाडणारा दिवा. भिंतीवर बर्फाचे कण फिरवणारा दिवा. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीची नावं पडद्यावर टाकणारा दिवा. बाजारात या सगळ्यांना 'प्रोजेक्टर' म्हणतात. प्रश्न असा की सीमाशुल्क खात्याने त्यांना काय म्हणावं? तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, एवढ्याशा खेळण्यावर भाषण? हो. कारण या एका शब्दावरून माणसाचा पाच वर्षांचा नफा जाऊ शकतो. तो कसा जातो आणि कसा वाचवायचा, तेवढंच आज सांगणार आहे.

आधी यादी समजून घेऊ. जगातल्या प्रत्येक वस्तूला बंदरावर एक क्रमांक लागतो. ब्रुसेल्सला मुख्यालय असलेल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची 'हार्मोनाइज्ड सिस्टीम' १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे आणि दोनशेहून अधिक देश व प्रदेश ती वापरतात. आपण तिला एचएसएन म्हणतो. तिच्यात २१ विभाग आणि ९७ प्रकरणं आहेत, त्यातलं ७७वं प्रकरण पुढच्या गरजेसाठी रिकामं ठेवलंय. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण, चार आकडे म्हणजे शीर्षक, सहा आकडे म्हणजे उपशीर्षक. सहा आकड्यांपर्यंत सगळ्या देशांची भाषा एक. त्यापुढचे दोन आकडे भारताचे. म्हणून आपला कोड आठ आकडी, आणि तो १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मिळतो.

आता माझ्या कोठारातली एक गोष्ट सांगतो, कारण हा सगळा विषय मला तिच्यामुळेच सोपा झाला. सैन्याच्या मालाची एक जुनी सूची आहे, 'व्होकॅब्युलरी ऑफ आर्मी ऑर्डनन्स स्टोअर्स'. तिच्यात वस्तूचं नाव लिहायची पद्धत उलटी वाटते. आपण बोलताना 'हातातला विजेचा दिवा' म्हणतो. सूची म्हणते: 'दिवा, विजेचा, हातातला'. आधी नाम, मग स्वल्पविराम, मग विशेषणं. कारण साधं आहे. रात्री दोन वाजता मागणी आली तर स्टोअरकीपरला आधी योग्य खोली गाठायची असते, मग योग्य कप्पा. विशेषणावरून शोधायला गेला तर सगळ्या हिरव्या वस्तू एका ढिगात सापडतील आणि हवी ती सापडणार नाही.

सीमाशुल्काची यादीसुद्धा अशीच चालते. आणि व्यापाऱ्याच्या हातात पडतं ते बरोबर उलट. परदेशी पुरवठादाराच्या बिलावर लिहिलेलं असतं: 'मॅजिक स्टार गॅलक्सी एलईडी लेझर प्रोजेक्टर लॅम्प'. यात विशेषणं भरपूर आहेत. नाम कुठलं? प्रोजेक्टर की लॅम्प? सगळा वाद या दोन शब्दांत आहे.

या वस्तूसमोर निदान पाच दारं उभी असतात. एकेक पाहू.

पहिलं दार ८५२८. इथे मॉनिटर आणि प्रोजेक्टर आहेत. म्हणजे संगणक, मोबाइल किंवा पेनड्राइव्हमधून चित्राचा सिग्नल घेऊन तो पडद्यावर दाखवणारं यंत्र. संगणकाला थेट जोडता येणाऱ्या आणि त्यासाठीच बनवलेल्या प्रोजेक्टरला इथे वेगळं उपशीर्षक आहे. सिंगापूरला १९९६ साली ठरलेल्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे संगणक आणि त्याच्याशी जोडून चालणाऱ्या बऱ्याच वस्तूंवरचं मूळ सीमाशुल्क शून्य झालं. म्हणून या दाराशी गर्दी फार.

दुसरं दार ९००८. इथे सिनेमाचे सोडून बाकीचे, म्हणजे स्थिर चित्राचे प्रोजेक्टर. आमच्या पिढीने शाळेत पाहिलेला स्लाइड प्रोजेक्टर इथला.

तिसरं दार ९४०५. दिवे आणि प्रकाशयोजनेची साधनं. यात घरातलं झुंबर आहे, टेबलावरचा दिवा आहे, लुकलुकणाऱ्या माळा आहेत, आणि सर्चलाइटही आहे. सीमेवर ज्या सर्चलाइटखाली मी रात्री काढल्या, तो आणि बाळाच्या खोलीतला तारे पाडणारा दिवा एकाच शीर्षकात शेजारी राहू शकतात, हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं.

चौथं दार ९५०३, खेळणी. पाचवं ९५०५, सणासुदीच्या आणि करमणुकीच्या वस्तू.

दारं पाच असली तरी प्रवेशाचे नियम लिहिलेले आहेत. अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम या यादीच्या सुरुवातीलाच असतात. पहिला नियम सगळ्यात महत्त्वाचा: वर्गीकरण शीर्षकाच्या शब्दांवरून आणि विभागाच्या व प्रकरणाच्या टीपांवरून करायचं. प्रकरणाचं नाव फक्त सोयीसाठी असतं. व्यापारी टीपा वाचत नाहीत, आणि उत्तर बहुतेक वेळा टीपेतच दडलेलं असतं.

दोन उदाहरणं देतो. सर्चलाइटला भिंग असतं, आरसा असतो. मग तो भिंगांच्या, म्हणजे ९०व्या प्रकरणात का नाही? कारण त्या प्रकरणाची टीपच सांगते की ९४०५ मधले सर्चलाइट आणि स्पॉटलाइट आमचे नाहीत. दुसरं उदाहरण दिवाळीचं. ९४व्या प्रकरणाची टीप म्हणते की खेळण्यातले दिवे ९५०३ मध्ये जातील, आणि चिनी कंदिलासारख्या शोभेच्या वस्तू ९५०५ मध्ये. पण दिव्यांच्या माळा मात्र ९४०५ मध्येच राहतील. म्हणजे आपल्या आकाशकंदिलाचा कागदी भाऊ एका प्रकरणात आणि त्याच्याभोवती गुंडाळायची माळ दुसऱ्या. दिवाळी एकच, गॅलरी एकच, पण दारं दोन.

पहिल्या नियमाने सुटलं नाही तर तिसरा नियम कामी येतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. आधी जे शीर्षक वस्तूचं जास्त नेमकं वर्णन करतं ते घ्यायचं. त्यानेही सुटलं नाही आणि वस्तू अनेक गोष्टींची मिळून बनलेली असेल, तर तिचं मूळ स्वरूप कशामुळे ठरतं ते पाहायचं. तेही जमलं नाही तर लागू पडू शकणाऱ्या शीर्षकांपैकी क्रमाने शेवटचं घ्यायचं. या पायऱ्या उतरायच्या असतात, उड्या मारायच्या नसतात.

आता पिशवीतल्या वस्तू एकेक करून टेबलावर ठेवू.

पहिली, छतावर तारे पाडणारा गोल दिवा. आत एलईडी, बरोबर एक लेझर डायोड, समोर बारीक रेघांची जाळी. छतावर ठिपके पडतात, रंगीत ढग फिरतात. चित्र असं काही नाहीच. खोलीत वातावरण तयार करणं एवढंच काम. हा माझ्या वाचनाप्रमाणे दिवा आहे, ९४०५. त्यात ब्लूटूथचा स्पीकर बसवला असेल तर? स्पीकरचं घर ८५१८. पण माणूस ही वस्तू गाण्यासाठी घेत नाही, ताऱ्यांसाठी घेतो. मूळ स्वरूप प्रकाशाचं. मात्र इथे काम संपत नाही. २०२२ च्या सुधारणेपासून ९४०५ च्या आत केवळ एलईडीवर चालणाऱ्या दिव्यांना वेगळी उपशीर्षकं आहेत. आत लेझर डायोडही असेल तर 'केवळ एलईडी' हे शब्द लागू पडतात का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी वस्तू, एचडीएमआयचं भोक असलेलं छोटं यंत्र. खोक्यावर नाताळचा म्हातारा छापलाय, आत सणाचे चार व्हिडिओ भरलेत. पण पेनड्राइव्ह लावला की सिनेमाही दिसतो. हे ८५२८ चंच आहे. खोक्यावरचा म्हातारा हे विशेषण झालं.

तिसरी, गोष्टी सांगणारी लहान मुलांची बॅटरी. पुढे चित्रांची चकती फिरवली की भिंतीवर ससा दिसतो, कासव दिसतं. ही ८५१३ मधली बॅटरी, ९००८ मधला स्थिर चित्राचा प्रोजेक्टर, की ९५०३ मधलं खेळणं? मुलासाठी बनवली, मुलाच्या हातात खेळायला दिली, खोक्यावर वय लिहिलंय. खेळणं म्हणून तिचा दावा भक्कम दिसतो. आणि इथे सावध राहायला हवं. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का लागतो. तो नसेल तर शुल्क भरायची तयारी असूनही माल सुटत नाही.

चौथी वस्तू सगळ्यात अवघड. अंगणात खोचायचा, भिंतीवर बर्फाचे कण किंवा दिवे-फुलं टाकणारा. आत एलईडी, पुढे चित्रांची बदलता येणारी चकती, पुढे भिंग, आणि चित्र स्पष्ट करायला फिरवायची कडी. एक बाजू म्हणते, हा स्लाइड प्रोजेक्टरच. प्रकाश आहे, स्लाइड आहे, भिंग आहे, चित्र मोठं होऊन पडद्यावर पडतं. शिवाय ९४०५ स्वतःच म्हणतं की दुसरीकडे नमूद नसलेले दिवे माझ्याकडे. मग ९००८ मध्ये नमूद असेल तर ९४०५ ने बाजूला व्हावं. दुसरी बाजू म्हणते, थांबा. नाटकाच्या स्पॉटलाइटलाही भिंग असतं, त्यापुढे नक्षी कापलेली पट्टी लावतात, म्हणून तो स्लाइड प्रोजेक्टर होत नाही. इथे चित्र कुणी बसून पाहत नाही. भिंत उजळणं हाच हेतू आहे. दोन्ही बाजूंना आधार आहे, आणि तुमच्या नगाची रचना कुणाच्या बाजूने बोलते यावर निकाल ठरतो. चकतीत आपलं चित्र घालता येतं का? चित्र किती अंतरावर स्पष्ट दिसतं? उत्पादकाच्या पुस्तिकेत उपयोग काय लिहिलाय? ही उत्तरं खोक्यावर नसतात. नग उघडावा लागतो.

आता पैशांकडे येऊ. दर प्रत्येक अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून मी आजचा दर सांगत नाही, हिशोबाची रीत सांगतो. समजा माल २० लाखांचा आहे. एका शीर्षकात मूळ शुल्क शून्य, दुसऱ्यात २० टक्के. दुसऱ्यात ४ लाख शुल्क, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ४० हजार. एकूण ४ लाख ४० हजार. त्यानंतर आयजीएसटी लागतो, पण त्याचं क्रेडिट नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला साधारणपणे मिळतं. हे ४ लाख ४० हजार मात्र परत येत नाहीत. वर्षाला तीन खेपा धरल्या तर पाच वर्षांत १५ खेपा, म्हणजे ६६ लाख.

पाच वर्षं का धरली? कारण सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे कमी भरलेलं शुल्क एरवी दोन वर्षांपर्यंत मागता येतं. पण संगनमत, हेतुपुरस्सर खोटी माहिती किंवा माहिती दडवणं सिद्ध झालं, तर पाच वर्षं मागे जाता येतं. त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज, आणि कलम ११४-ए खाली जवळपास तेवढाच दंड. वरच्या उदाहरणात ६६ लाखांचे १ कोटी ३२ लाख होतात, व्याज आणखी वेगळं. छोट्या दुकानदाराचं घर यात जातं.

हे कागदावरचं गणित वाटू नये म्हणून एक खरी हकीकत सांगतो. ओळखीतला एक तरुण, वडिलांचं इलेक्ट्रिकचं दुकान, हा मुलगा नव्या बाजाराचा. चार खेपा सुरळीत आल्या. पाचवी खेप दिवाळीसाठी, दीड हजार नग. पुरवठादाराच्या बिलावर ८५२८ चा कोड होता. सीएचएने तोच उतरवला. मुलाने सही केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात कंटेनर तपासणीला लागला. अधिकाऱ्याने नग चालू केला आणि एकच प्रश्न विचारला: सिग्नल कुठून जातो? एचडीएमआय नाही, कार्ड नाही, पेनड्राइव्ह नाही. नुसती चकती फिरते. उत्तर देण्यासारखं काही नव्हतं.

पुढचे पाच आठवडे वस्तू दिवा की स्लाइड प्रोजेक्टर यावर पत्रं चालली. बंदराचं भाडं चढत होतं, कंटेनर अडकवल्याचं जहाज कंपनीचं भाडं वेगळं. शेवटी ९४०५ धरून फरकाचं शुल्क आणि दंड भरून माल सुटला. तोपर्यंत भाऊबीज होऊन गेली होती. माल लग्नसराईत निम्म्या भावाने काढला. आणि हे सगळं आवरल्यावर आधीच्या चार खेपांबद्दल विचारणा करणारं पत्र आलं. त्याचे वडील माझ्याकडे आले तेव्हा त्यांना शुल्काची चिंता नव्हती. ते म्हणाले, "साहेब, पत्रात 'हेतुपुरस्सर' असा शब्द आहे. आमच्या चाळीस वर्षांच्या दुकानाला असं कुणी म्हटलं नव्हतं."

त्या शब्दाबद्दल बोलायलाच हवं. कायदा दोन गोष्टींत फरक करतो. एक, वस्तू काय आहे याचं वर्णन. दुसरी, ती कुठल्या शीर्षकात बसते याबद्दलचं मत. नॉर्दर्न प्लॅस्टिक्सच्या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वर्णन खरं असेल आणि आयातदाराने आपल्या समजुतीप्रमाणे एखादं वर्गीकरण मागितलं असेल, तर ते चुकलं एवढ्यावरून खोटी माहिती दिली असं होत नाही. पण २०११ पासून आपल्याकडे स्वयंमूल्यांकन आहे. कलम १७ प्रमाणे वर्गीकरण करून शुल्क काढायची जबाबदारी आयातदारावर आली. त्यामुळे 'सीएचएने लिहिलं', 'पुरवठादाराने लिहिलं' ही उत्तरं आता तोकडी पडतात. वाचवतं ते खरं आणि पूर्ण वर्णन. या मुलाच्या बिल ऑफ एंट्रीवर वर्णन दोनच शब्दांचं होतं: एलईडी प्रोजेक्टर. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण ते दाखवणारा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. त्याचं प्रकरण अजून चालू आहे.

उलट बाजूही सांगतो, कारण खातं नेहमी बरोबर असतं असं नाही. शीर्षक बदलायचं असेल तर ते का बदलायचं हे सिद्ध करण्याचा भार खात्यावर असतो, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलंय. जानेवारी २०२३ मधला ह्यूलेट पॅकार्डचा निकाल पाहा. पडदा आणि संगणक एकत्र असलेल्या टेबलावरच्या यंत्रांना खातं 'पोर्टेबल' म्हणत होतं, कारण वजन दहा किलोच्या आत. न्यायालयाने म्हटलं, वजन कमी असलं म्हणून यंत्र रोज उचलून नेण्याजोगं होत नाही. म्हणजे विशेषण खात्याने लावलं तरी ते तपासून घ्यायचं. आणि सत्तरच्या दशकात डनलॉप इंडियाच्या प्रकरणात न्यायालयाने अशा आशयाचं म्हटलं होतं की ज्या वस्तूला नाव-गाव असलेलं घर मिळू शकतं, तिला 'इतर' नावाच्या अनाथालयात पाठवू नये.

मग छोट्या व्यापाऱ्याने करायचं काय? मी बेळगावच्या एका ताईंचं उदाहरण देतो. वाढदिवसाच्या सजावटीचं सामान विकतात. पहिली मोठी ऑर्डर देण्याआधी त्यांनी दोन नमुने मागवले. एक चालवून पाहिला, दुसरा स्क्रू काढून उघडला. आतल्या प्रत्येक भागाचा फोटो काढला. मग एका कागदावर सरळ लिहिलं: 'दिवा, विजेचा, सजावटीचा, एलईडी व लेझर डायोड असलेला, छतावर ठिपके पाडणारा, चित्राचा सिग्नल न घेणारा, स्पीकरसह'. तेच वर्णन पुरवठादाराच्या बिलावर लिहून घेतलं. तेच बिल ऑफ एंट्रीवर. पुरवठादार म्हणाला होता, कोड हवा तो घालून देतो. त्या म्हणाल्या, कोड माझा मी पाहीन, तू वस्तू काय आहे तेवढं खरं लिही. ताईंना मी फोनवरच म्हटलं, तुम्ही आमच्या कोअरमध्ये हव्या होतात.

यातून तुमच्यासाठी चार कामं निघतात.

पहिलं, नग उघडा आणि स्वतःला विचारा: हा प्रकाश देतो की चित्र? चित्र देत असेल तर ते सिग्नलमधून येतं की स्लाइडमधून? बनवलाय कुणासाठी, मुलासाठी, घरासाठी की रंगमंचासाठी? आत दिवा कुठला, वीज कुठून? याची उत्तरं लिहून फोटोंसह जपून ठेवा.

दुसरं, शीर्षकाचे शब्द आणि टीपा स्वतः वाचा. अनुसूची कुणालाही पाहायला मिळते. सीएचएला विचारा जरूर, पण 'कुठला कोड' एवढंच विचारू नका, 'कुठल्या टीपेवरून' तेही विचारा. आणि दर पाच-सहा वर्षांनी यादी बदलते हे ध्यानात ठेवा. मागची सुधारणा २०२२ ची, पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हायची आहे. जुन्या बिलावरून कोड उतरवणं म्हणजे जुन्या नकाशावर गस्त घालणं.

तिसरं, शंका असेल तर आधी विचारा. सीमाशुल्काच्या आगाऊ निर्णयासाठी मुंबई आणि दिल्लीला प्राधिकरण आहे. अर्जाचं शुल्क १० हजार रुपये. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, असं कायदा म्हणतो, आणि कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो काही वर्षं चालतो. दिवाळीचा माल आणायचा असेल तर हा अर्ज शिमग्याच्या सुमारास गेला पाहिजे, गणपती उठल्यावर नव्हे.

चौथं, माल अडकलाच तर घाबरून दिसेल तिथे सही करू नका. कलम १८ खाली बंधपत्र आणि हमी देऊन तात्पुरत्या मूल्यांकनावर माल सोडवता येतो. तुम्हाला नवं वर्गीकरण मान्य नसेल तर तसं लेखी कळवा. मग अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत कारणांसह आदेश द्यायचा असतो, आणि त्यावर साठ दिवसांत अपील करता येतं. तोंडी मान्य करून, घाईत सही करून माल सोडवला तर हे सगळं अवघड होऊन बसतं.

शेवटी एक गोष्ट, पैशांपलीकडची. नाव नीट लिहिण्याचा संबंध सुरक्षिततेशीही आहे. खेळणं म्हटलं की त्याचा शिक्का तपासला जातो. दिव्यांची माळ म्हटली की तिची मानक ब्यूरोकडची नोंदणी पाहिली जाते. लेझर आहे असं लिहिलं तर तो डोळ्याला किती घातक हा प्रश्न निघतो. मिरवणुकांमध्ये लेझरच्या झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात गणेशोत्सवानंतर वाचल्या आहेत. 'प्रोजेक्टर' या एका मोघम शब्दाखाली लेझर लपला तर तो नुसत्या शुल्कातून सुटत नाही, तपासणीतूनही सुटतो, आणि मग एखाद्या बाळाच्या पाळण्यावर टांगला जातो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावला, पुढच्या वेळी परदेशी बिल हातात आलं की लाल पेन घ्या आणि सगळी विशेषणं खोडा. जे नाम उरेल ते खरं आहे का ते नग उघडून पाहा. खरं नसेल तर पुरवठादाराला बिल परत पाठवा. दोन दिवस जातील. पाच वर्षं वाचतील.

तुमच्याकडे अशी एखादी वस्तू असेल जिचं नामच सापडत नाही, तर तिचं वर्णन आणि उघडलेल्या नगाचा फोटो जवळ ठेवून एखाद्या जाणकार वकिलाकडे जा. नुसता कोड विचारायला जाऊ नका.

जय हिंद.